खिडकीसमोरच्या दोन फांद्या

बाबा,

काल संध्याकाळी जास्वंदीतल्या घरट्यात बुलबुलाची तीन पिलं होती. आज सकाळी सहाला एकच आहे.

आईला पलंगावरून घरटं दिसावं म्हणून परवा मी खिडकीसमोरच्या दोन फांद्या छाटल्या. तेव्हा तुम्ही म्हणालात, "शास्त्रज्ञबाई, तिला दिसेल ते कावळ्यालाही दिसेल." मी ते हसण्यावारी नेलं. चूक माझीच आहे.

आई उठायच्या आत पडदा ओढून घ्या. विचारलं तर डोळ्यांवर ऊन येतंय म्हणा. गेले दोन दिवस ती पिलांच्या पंगतीलाच जेवतेय. पिलांनी चोची उघडल्या की म्हणते, "मेली माझ्यापेक्षा खादाड आहेत," आणि स्वतःहून तोंड उघडते. त्याआधी आठवडाभर चमच्याला तोंड लावत नव्हती. आज तिला भरवताना काय सांगायचं ते मला सुचत नाही. तुम्हीच बघा.

उरलेल्या पिलाच्या पंखाला चोच लागलीय. बुटांच्या खोक्यात कापूस घालून त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेतेय. सूप गॅसवर आहे, कोमट करूनच द्या.

मी पिलांच्या वजनाची रोज नोंद ठेवते; हेच पिलू काल स्वयंपाकघरातल्या काट्यावर चौदा ग्रॅम भरलं होतं. आत्ता बारा भरलं.