नव्वदच्या पुढे गेलं तर

बाबा,

अंघोळ झाली की सरळ कॉम्प्युटरसमोर बसा. टॉवेलवर असलात तरी चालेल, त्याला कॅमेरा नाही.

ताईच्या परीक्षेचं इमारतीचं चित्र त्यात तयार होतंय. पाचच्या आत पाठवलं नाही तर तिचं वर्ष जाईल. नेहमीच्या वेगाने ते उद्या झालं असतं, म्हणून मी सकाळी प्रोसेसरचा वेग वाढवला. कंपनीत तुम्ही बॉयलरचा लोड थोडा थोडा वाढवायचात आणि दरवेळी काटा बघायचात. मी एकदम वाढवला. आता कमी करायचा तर मशीन बंद करावं लागेल आणि चित्र पहिल्यापासून.

कोपऱ्यातला आकडा म्हणजे तापमान. सध्या शहाऐंशी आहे. आईने मांदेली मासळीवरच्या माशा हाकलायला मशीनसमोर लावलेला टेबलफॅन मागितला तर देऊ नका, घरात पेशंट आहे म्हणा. मी चोंढीला मंडपवाल्याकडून लग्नातला मोठा पंखा आणायला जातोय. नवरी कोण विचारलं तर बघू.

ताई आत झोपलीय. तिला यातलं काही माहीत नाही.

नव्वदच्या पुढे गेलं तर मशीनच जळेल. बटण दाबून बंद करा. मला फोन करू नका. मी ‘अजून पाच मिनिटं थांबा’ म्हणेन.

संघर्ष