संताला दुसरी मिठी

अगं दोरिंदा,

माझी नात इरिया मला शनिवार-रविवार सान्तियागो बघायला घेऊन आलीय. पाय सुजलेत, कंबर गेली, तरी मजा आली बाई! ऑक्टोपससुद्धा खाल्ला. चिवट होता, आईच्या हातच्यासारखा कुठला!

मोठ्या चर्चमध्ये रिवाजाप्रमाणे संत याकोबाच्या पुतळ्याला मागून मिठी मारायला तासभर रांगेत उभी होते. एक मारली, मग दुसरी मारली. रखवालदार ओरडला, "ओ आजीबाई, एकदाच! मागे अख्खं गाव उभं आहे."

"ही माझी नाही रे बाबा, बहिणीची. ती अर्जेंटिनाला असते."

इरिया बघतच राहिली. "आजी, तुला बहीण आहे?"

आईच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हापासून, एकतीस वर्षं, मी घरात तुझं नाव घेतलेलं नाही. बाहेर पायरीवर बसून पोरीला सगळं सांगितलं. नदीकाठचा तुकडा तुझा होता आणि मी लबाडीने घेतला, हेही सांगितलं.

ती म्हणाली, "मग हे तिलाच लिही की."

लिहिलं बघ. पण लबाडीचं ते वाक्य ठेवू की खोडू, हे ठरेपर्यंत पत्र उशीखालीच राहील. आज फार दमलेय गं.

तुझी थोरली,
ओब्दुलिया