खऱ्या मॅडम

४ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून हे पत्र. आधी भांडते, मग खुशाली विचारते. तुझ्या गळ्याच्या ऑपरेशनला वर्ष झालं. तेव्हापासून तुझा आवाज आम्ही कोणी ऐकलेला नाही. आणि काल मी विद्यापीठाच्या ऑनलाइन जर्मनच्या पहिल्या तासाला बसले, तर पडद्यावर शब्दांची चित्रं आणि मागून बोलतंय कोण? तू! तोच आवाज, तेच मध्येच हसणं. माझ्या हातून चहा सांडला.

आवाज परत आला आणि घरच्यांना पत्ता नाही? आम्ही काय तुझं घोडं मारलं होतं? मी खाली 'मावशी, मी आहे' असं लिहिलं, हात वर केला. तू ढिम्म. मग 'ही माझी आई आहे' असं म्हणायला लावलंस. गडबडीत माझ्या तोंडून 'माझी आई टेबल आहे' असं निघून गेलं, आणि तू म्हणालीस, छान, अगदी बरोबर! तुझी सख्खी बहीण आहे गं ती.

मला काही म्हणजे काही कळत नाहीये. लवकर लिही. भांडले तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बडबडी


१२ जानेवारी

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, परत वाचलं, आणि वेड मला लागलंय की तुला, ते ठरेना. अगं, मी कुठले तास घेते? ऑपरेशनच्या आधीच राजीनामा दिला. सकाळी उठून गळ्याला रुमाल बांधते, झाडांना पाणी घालते, कोडी सोडवते. विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही. आणि ताईला टेबल म्हटलेलं मी खपवून घेईन?

एक शंका येते. माझे तास तेव्हा रेकॉर्ड करून ठेवत असत, आजारी मुलांसाठी म्हणून. तेच तर लावत नसतील? ऑफिसात जाऊन विचार. आणि मी खरंच मध्येच हसते का? मला आठवत नाही.

अभ्यास कर, जेवणाची हेळसांड नको. आहे तो लोभ राहू दे.

तुझी,
मावशी


२० जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी शंका खरी निघाली. नवीन शिक्षक मिळाले नाहीत म्हणून तुझेच जुने तास वेळापत्रकात टाकून दिलेत. वर्गात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवेना. आमच्यातला एक चष्मेवाला तर शपथेवर सांगतो की त्याने 'परत सांगा' असं लिहिलं आणि मॅडमनी परत सांगितलं. आता मलाच वाटायला लागलंय की तू सांगितलं असशील!

पण मावशी, मार्चमध्ये तोंडी परीक्षा आहे, समोर जिवंत परीक्षक बसवून. नापास झालं की अभ्यासक्रमातली जागा गेली. आणि आम्ही आजवर एकाही जिवंत माणसाशी जर्मनमध्ये वाक्य बोललेलो नाही. मी ऑफिसात नातं सांगून बसले, तर ते म्हणाले, मावशींना विचारा, चार-दोन तास घेतील का. तुला बोलता येत नाही हे मला माहीत आहे, तरी निरोप द्यावा म्हणून लिहिलं. तासाची लिंक मेसेजवर पाठवते.

चुकलं असेल तर पोटात घाल.

तुझी,
बडबडी


२९ जानेवारी

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी लिंक उघडली. त्या बाईचं ऐकत बसले. काय छान बोलते गं! आधी रडू आलं, मग चक्क हेवा वाटला. स्वतःचा हेवा वाटतो का कधी कोणाला?

आता जे लिहिते ते ताईला सांगू नकोस. मला बोलता येतं. गळ्यात एक झडप बसवली आहे, बाहेरच्या छिद्रावर बोट दाबलं की आवाज निघतो. पण तो माझा नाही. घोगरा, खरखरीत, जड कपाट सरकवल्यासारखा. मला असं बोलायला शिकवणाऱ्या दवाखान्यातल्या बाई शाबासकी देतात, त्यांचं कामच ते. बाकी मी भाजीवाल्यालाही बोटाने दाखवते. तो आवाज घेऊन तुमच्यापुढे बसू? पोरं हसतील. ऑफिसला नाही म्हणून कळव. त्या बाईंचंच ऐका, त्या चांगलं शिकवतात.

माझ्यावरची माया मात्र याने आटू देऊ नकोस.

तुझी,
मावशी


६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

येतं आणि बोलत नाहीस? रागावू की नाचू, तेच कळेना. इकडे आई तुझं नाव निघालं की उठून स्वयंपाकघरात जाते, कारण तिला वाटतं, आपली बहीण आता कधीच बोलणार नाही.

त्या बाई चांगलं शिकवतात म्हणे! त्यांना ऐकू कुठे येतं? चुकलं तरी छान, गप्प बसलं तरी छान. मला कान धरणारं माणूस हवंय. हसलंच कोणी तर मी आहे ना बघून घ्यायला. आईला काही सांगितलेलं नाही, पण पोटात मावत नाहीये.

हट्टी भाचीवर लोभ ठेव.

तुझी,
बडबडी


१८ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या हट्टापायी ऑफिसला हो कळवलं आणि काल तास घेतला, तेव्हा तू होतीसच, पण कॅमेरा बंद करून बसलीस. म्हणून माझ्या बाजूने काय झालं ते ऐक. पहिलं वाक्य बोलले आणि खाली पटापट ओळी उमटल्या: मॅडम, आवाज फाटतोय, माइक बदला. मी म्हणाले, माइक ठीक आहे, आवाजच असा आहे. मग तुझ्या त्या चष्मेवाल्याने अगदी अदबीने विचारलं, खऱ्या मॅडम कधी येणार?

माझं बोट गळ्यावरून निसटलं. ओठांवर आलं होतं की त्या आजारी आहेत. कॉम्प्युटर बंद करून उठावंसंही वाटलं. मग परत बोट ठेवलं आणि म्हणाले, त्या येणार नाहीत, आता मीच. आणि तुझं वाक्य चुकलंय, पुन्हा म्हण. तो पुन्हा चुकला. मी पुन्हा म्हणायला लावलं. मग सगळ्यांनाच चेव आला, तास संपला तरी पोरं जाईनात. तुझी पाळी आली तेव्हा तुला हुंदक्यामुळे बोलता येईना, ते मला ऐकू आलं हो.

नंतर बोट दुखत होतं, घाम फुटला होता, आणि कित्येक महिन्यांनी मला सपाटून भूक लागली. हे बरं झालं की वाईट, अजून उमगत नाही. परीक्षेपर्यंत दर बुधवारी घेईन असं बोलून बसले आहे. लोभ आहेच, कान धरल्यावर तो वाढवावा.

रविवारी सकाळी ताईला फोन करणार आहे. तिला आधीच सांगून ठेव, पलीकडून कोणीतरी घोगऱ्या आवाजात बोलेल. राँग नंबर म्हणून ठेवून देऊ नकोस म्हणावं. मीच आहे.

तुझी,
मावशी