दोनशे किलोमीटरचं ऑइल

३ तारीख, सोमवार. सकाळी ७.
ही काल भावाकडे निघून गेली. दोन बॅगा. कारण एवढंच, की माझं कशाचंच काही ठरत नाही. शिवणयंत्र नेलेलं नाही, म्हणजे परत येणार. मला काही वाटलं नाही. चहा केला तो सवयीने दोन कप झाला. एक मोरीत ओतून टाकला.
आजपासून रोजनिशी. नियमित आणि मुद्देसूद.

४, मंगळवार.
हिचा फोन. तिकडच्या शाळेत जागा निघाली आहे, सतरा तारखेला रुजू व्हायचं. म्हणाली, रविवारी सोळापर्यंत येऊन समोरासमोर बोलणार असाल तर या, नाही आलात तर मी काय ते समजेन. येतोच म्हटलं. दोनशे किलोमीटर म्हणजे काय मोठंसं!
फक्त आधी गाडीचं ऑइल बदलायला हवं. मागे कधी बदललं आठवत नाही. असली कामं हीच बघायची.

५, बुधवार. ऑफिसात.
एकवीस वर्षं खरेदी विभागात काढली. तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता झाल्याशिवाय साधी पेन्सिल घेतली नाही. इंजिनाच्या बाबतीत घाई करणारा मी नव्हे. तक्ता आखला. रकाने तीन: मिनरल, सेमी-सिंथेटिक, फुल सिंथेटिक.

७, शुक्रवार.
गाडीचं पुस्तक म्हणतं, ऑइलचा ग्रेड पाच-डब्ल्यू-तीस, बदलायचं दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. शेजारचे काका म्हणतात, जुन्या इंजिनाला जाडच ऑइल हवं, वीस-डब्ल्यू-चाळीस, आणि दर पाच हजारला. दुकानदार म्हणाला, कुठलंही घ्या, पण घ्या. असल्या माणसाचं मत तक्त्यात घेता येत नाही.

८, शनिवार. संध्याकाळी ५.
आज स्वतः बॉनेट उघडलं. ऑइल मोजायची पट्टी इंजिन चालू ठेवूनच काढली. चालत्या गाडीत किती ऑइल आहे तेच महत्त्वाचं. पातळी खालच्या खुणेच्याही खाली! शंका होतीच. रंग मधासारखा, आरपार दिसणारा. म्हणजे झिजून झिजून पार पातळ झालंय. माळ्यावर ऑइलचा जुना डबा होता, त्यातलं अर्धा लिटर टाकलं.
आत तारेने एक कार्ड बांधलेलं होतं. जाहिरात असणार. न वाचता ड्रॉवरमध्ये टाकलं.

११, मंगळवार.
परत मोजलं. परत कमी. परत अर्धा लिटर. इंजिन ऑइल खातंय.
गॅरेजच्या मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, साहेब, घेऊन या, अर्ध्या तासाचं काम. तक्ता अपुरा असताना गाडी कशी नेणार?
शेजारच्या काकू जेवण देऊन गेल्या. जेवलो. काय होतं ते आता आठवत नाही.

१३, गुरुवार.
हिचा फोन. गाडीचं सांगितलं. म्हणाली, मग बसने या की. तिला कळत नाही. अशा वेळी जावई पिशवी घेऊन बसमधून उतरला, तर मेव्हण्यासमोर काय राहिलं?

१५, शनिवार. रात्री ९.
ठरलं! फुल सिंथेटिक, पाच-डब्ल्यू-तीस, वर्षातून एकदा. तक्त्याखाली तीन सह्या लागतात, तिन्ही मीच केल्या. दुकानात पोचलो तर शटर खाली. हरकत नाही. पट्टी पाहिली, कमीच होती. डब्यातलं उरलेलं लिटरभर ओतलं. उद्या सहाला निघतो. काय बोलायचं ते वाटेत ठरवू.

१६, रविवार.
९.१०: जरा उशिराच निघालो.
९.२५: चौथ्या किलोमीटरला मागून निळा धूर. मग गाडीच बंद.
११.००: मिस्त्रीने ओढून नेली. हिला फोन केला. ऑइलचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, जेवून घ्या.
बसस्टँड गॅरेजच्या समोरच होता. मी घरी आलो.

१८, मंगळवार.
मिस्त्री म्हणाला, गळ्यापर्यंत ऑइल भरलंत. इंजिन बंद करून, जरा थांबून मोजायचं असतं. चालू इंजिनात ते वर चढलेलं असतं, म्हणून कमी दिसतं. मुळात ऑइल नवंकोरं होतं, फुल सिंथेटिकच. बाईसाहेबच एक तारखेला बदलून घेऊन गेल्या. म्हणाल्या, चांगलंच टाका, ह्यांना लांब यायचं आहे. कार्ड बांधलं होतं, वाचलं नाहीत का?
घरी येऊन ड्रॉवर उघडला. अक्षर हिचं. तारीख, किलोमीटर, पुढचं ऑइल कधी. खाली बारीक अक्षरात, ‘सावकाश चालवा.’
निघायच्या आदल्या दिवशी लिहिलेलं. पलंगावर बसून राहिलो. अॅसिडिटी म्हणून गोळी घेतली. अॅसिडिटी नव्हती.

२०, गुरुवार.
गाडी आली. पट्टी पाहिली, इंजिन बंद करून, दहा मिनिटं थांबून. पातळी बरोबर दोन खुणांच्या मध्ये. आता कुठेही जाता येईल.
हिचा निरोप: शाळा छान आहे. शिवणयंत्र पाठवून द्या.
तीन टेम्पोवाल्यांकडून कोटेशनं मागवली आहेत. तक्ता आखायला घेतला.