ढकल्या कोणाचा?

सिल्वासा, रविवार दुपार

प्रिय ललित,

तुझी मेल मिळाली. सुरुवातीला 'आदरणीय शैलजा मॅडम' असं वाचून वाटलं, विमा विकणारं कोणीतरी आहे. मग खाली तुझं नाव दिसलं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं माझ्या डब्यातली थालीपीठं मला न विचारता संपवली, तो मला आदरणीय म्हणतोय म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. असो. तू विचारलंयस ते सरळ आहे. ढकल्या आपण दोघांनी मिळून केला, त्यामुळे त्याची नवी मालिका काढायची तर कंपनीला दोघांचाही होकार हवा. तुझा आहे, माझा अडलाय. ही मालिका आताच्या मुलांसाठी नाही, पूर्वी जी मुलं होती आणि आता तिशी ओलांडून बसली आहेत त्यांच्यासाठी आहे, हेही तू लपवलेलं नाहीस. तुझं म्हणणं असं की, ढकल्याची आठवण काढणारे तेच, त्याच्यासाठी दुकानं पालथी घालणारे तेच, मग गोष्ट त्यांच्या वयाची का नको? मी इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण पहिल्या दिवशी दिलं असतं तर ते फार वाईट शब्दांत दिलं असतं.

खरं सांगायचं तर मला संतापच आला होता. तीन चाकांचा, डोळे वटारलेला प्लॅस्टिकचा टेम्पो आणि त्याला म्हणे आता 'गंभीर' करायचंय. अरे, तो जन्मालाच आला विजयच्या चुकीतून! आठवतंय ना? मी चित्र काढलं होतं बॅटरीवर धावणाऱ्या टेम्पोचं. आमच्या ह्यांनी मोल्ड कापताना आतल्या गाभ्याचं माप चुकवलं, भिंती जाड झाल्या आणि मोटर काही आत बसेना. तोवर पुऱ्या शिफ्टचा माल निघाला होता. साहेब लोक गलोंड्याच्या कारखान्याच्या शेडमध्ये डोक्याला हात लावून बसले होते आणि पॅकिंगच्या चिमाबाईंनी त्यातला एक टेम्पो उचलून टेबलावर बोटाने सरकवला. "हाऊ ते ढकल्याच शे," त्या म्हणाल्या. ढकलल्याशिवाय न चालणारा, म्हणून ढकल्या. सगळ्या बायका हसल्या. तू मात्र हसला नाहीस. तू तिथेच खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहायला लागलास की हा टेम्पो रोज कुठेतरी बंद पडतो, आणि रोज कोणीतरी येऊन त्याला धक्का देतं. विजय अजून सांगत फिरतो की, महाराष्ट्रात आणि गुजरातेत गाजलेल्या मालिकेचा खरा लेखक तोच आहे.

आणि मग आवाज. स्टुडिओ कसला, अथालच्या तुमच्या खोलीत दारं-खिडक्या लावून, भिंतीला गाद्या टेकवून, पंखा बंद करून तुझी केतकी घामाघूम होत बोलायची. शाळेत बालवर्गाला शिकवून दमून आलेली असायची ती. पण माइक समोर आला की गळ्यातून तो घोगरा, थोडा लाजरा आवाज काढायची, "जरा ढकलता का हो?" तेवढं एकच वाक्य प्रत्येक भागात असायचं, आणि प्रत्येक वेळी ती ते वेगळं म्हणायची. कधी ओशाळून, कधी रुसून, कधी नुसतं लाडात. तुला सांगू का, चित्र माझं होतं, गोष्ट तुझी होती, पण मुलं थांबायची ती त्या वाक्यासाठी.

आता तुझ्या नव्या भागाचं. कंपनीने कच्चा नमुना पाठवला तो मी ऑफिसात एकटीने पाहिला. ढकल्या भंगारवाड्यात पडलाय. रंग उडालाय, चाकांतून गवत वर आलंय. दिवस जातात, ऋतू जातात, पाखरं येऊन बसतात आणि उडून जातात. कोणी येत नाही. आणि तो स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही. शेवटी एकदा त्याचा दिवा मिणमिणतो आणि काळोख. झालं. मी पाणी प्यायले आणि स्वतःशी म्हटलं, ललितचं डोकं फिरलंय. हे मुलांना दाखवायचं? आणि मग आठवलं की, तू ते मुलांना दाखवणारच नव्हतास.

त्याच सुमारास कंपनीने ढकल्याच्या जुन्या चाहत्यांचा मेळावा ठेवला. दादऱ्याला, वनगंगेच्या बागेशेजारच्या हॉटेलच्या हॉलमध्ये. मला पाहुणी म्हणून बोलावलं. मी जरा टिंगल करायच्या तयारीनेच गेले होते, तुझ्यापासून काय लपवू? सुरतेहून, वापीहून, नाशिकहून माणसं आलेली. पोटं सुटलेली, केस विरळ झालेले, काहींच्या कडेवर स्वतःची पोरं. आणि प्रत्येकाकडे ढकल्या. त्या पोरांनी हात लावला की बाप ओरडायचे, ए, खराब होईल! मला मनात म्हणावंसं वाटलं की, बाबांनो, खेळणं आहे ते, देवघरातला गणपती नव्हे. त्यांच्यात एक कल्पेश म्हणून होता, वापीत औषधांच्या कारखान्यात नोकरीला आहे, आईवडील धुळ्याकडचे. तो मोठ्या तावातावाने मला समजावत होता की मॅडम, आम्ही मोठे झालो तर ढकल्यापण मोठा झाला पाहिजे ना, किती दिवस लोकांच्या धक्क्यावर चालायचं त्याने, त्याला आता स्वतःचं इंजिन पाहिजे. त्याच्या हातात न उघडलेलं खोकं होतं. एकदाही जमिनीवर न टेकलेला ढकल्या. मी काहीतरी खोचक बोलणारच होते.

तेवढ्यात त्याने पाठपिशवीतून आणखी एक काढला, तो मात्र रुमालात गुंडाळलेला. चाकं झिजून वाकडी झालेली, टपावर दातांच्या खुणा. हा कोणाला दाखवत नाही, म्हणाला. मग सांगू लागला. आईबाप दोघंही शिफ्टला जायचे, हा खोलीत एकटा, बाहेरून कडी. टीव्हीवर ढकल्या बंद पडला की तो उठून टीव्हीला दोन्ही हात लावायचा आणि जोर लावायचा. त्याला वाटायचं, आपण ढकललं नाही तर टेम्पो सुरू होणारच नाही. "मॅडम, घरात माझी कोणाला गरज आहे, असं तेवढंच वाटायचं." हे तो हसत सांगत होता आणि मला त्याच्याकडे बघवेना. माझा सगळा टिंगलीचा बेत तिथेच संपला. या माणसांना पोरकट म्हणणं सोपं आहे रे. पण लहानपणी ज्याने सोबत केली, त्याला सोडवत नाही यात हसण्यासारखं काय आहे?

मग दिवे मालवून तुझा भाग दाखवला. संपल्यावर माणसं डोळे पुसत होती, मग उभं राहून टाळ्या. तो बोलत नाही हेच किती थोर आहे, यावर चहाच्या वेळी चर्चा झाली. कल्पेशही रडला. पण मी बघत होते, त्याचे हात मांडीवरच राहिले. तो ढकलायला उठला नाही. मोठं झाल्यावर कळतं ना, आपण उठून काही होत नाही.

मला मात्र तुझ्याविरुद्ध पुरावा हवा होता. म्हणून दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन कारखान्याच्या पाळणाघरात गेले. चिमाबाई आता पॅकिंगला नसतात, डोळे अधू झाले, म्हणून पाळणाघर त्या बघतात आणि सगळ्यांवर राज्य करतात. माझा अंदाज होता की पोरं पाच मिनिटांत कंटाळून पळतील आणि मी तुला मोठ्या ऐटीत कळवेन. स्टुलावर लॅपटॉप ठेवला. पोरं सतरंजीवर बसली. त्यांच्यातल्या एकानेही जुना ढकल्या पाहिलेला नाही, हे लक्षात घे. भाग सुरू झाला. आधी चुळबुळ, मग शांतता. गवत वाढलं, पाखरं उडाली. कावेरी म्हणून एक आहे, आई असेंब्लीला असते, शिरपूरकडची माणसं, घरात अहिराणीच बोलतात. ती पोरगी सरकत सरकत पुढे आली, पडद्याच्या अगदी नाकाशी, आणि शाळेतल्या मास्तरणीने झापावं तशी त्याला म्हणाली, "हाक मार ना रे, मंग येतीन."

ढकल्या काही बोलला नाही. ती थोडा वेळ थांबली, त्याला संधी दिली म्हण ना. मग तिने दोन्ही हात पडद्याला लावले आणि ढकललं. तिचं बघून बाकीची उठली. मी अरे अरे करेपर्यंत लॅपटॉप स्टुलावरून खाली! एक बिजागरी गेली. चिमाबाई पोरांना रागवायच्या सोडून मलाच रागवल्या, असलं अर्धवट काय दाखवते पोरांना म्हणून. कावेरी रडली नाही, घाबरली नाही. तिने मला विचारलं की तो आता सुरू झाला का. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तेव्हा माझं उत्तर ऐक. तुझ्या या भागातलं भंगार, गवत, काळोख, काही काढू नकोस. मला वाटलं होतं मुलांना हे झेपणार नाही, पण त्यांना दुःख आपल्यापेक्षा नीट झेपतं, फक्त ते बघत बसणं त्यांना जमत नाही. कोणीतरी उठायला जागा ठेव. इंजिन वगैरे बसवू नकोस त्याला, कल्पेशला मी समजावेन, तो ऐकेल. मालिका मुलांसाठीच कर. मोठे त्यांच्या मागे येऊन बसतीलच, कडेवर पोरं घेऊन आले होते तसेच, आणि मागे बसून रडायचं ते रडतील, त्यांना कोण अडवतंय. पण पुढची रांग कावेरीची. एवढं मान्य असेल तर माझा होकार आहे असं समज.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले ते. त्या दिवशी घरी आल्यावर तो भाग मी पुन्हा पाहिला, विजयला शेजारी बसवून. तो म्हणाला, ललितने याला मुका का केलाय? आणि मला केतकीचं ते 'जरा ढकलता का हो?' आठवलं. दुसऱ्या कोणाच्या तोंडी ते वाक्य तुला ऐकवणार नाही, म्हणून केलास, हो ना? केतकीला जाऊन दीड वर्ष होत आलं. पहिल्या महिन्यांत तू फोनवर 'ठीक आहे' म्हणायचास, मग फोन उचलणं बंद केलंस, आणि मी कामात बुडालेली, तुला एकांत हवा असेल अशी समजूत करून घेऊन बसले. भंगारवाड्यात पडलेलं कोण आहे हे त्या हॉलभर रडणाऱ्या माणसांपैकी कोणाला कळलं नाही. मलाही कळलं नव्हतं. तू हाक मारलीस रे, फक्त कंपनीच्या मेलवरून, 'आदरणीय' लिहून, म्हणून ओळखू आली नाही. तर या शनिवारी आम्ही दोघं खानवेल-जव्हारवरून गाडीने नाशिकला तुझ्याकडे येतोय. विचारत नाहीये, कळवतेय. घर आवरू नकोस, जेवणाचं काही बघू नकोस, हसायची तर मुळीच सक्ती नाही. रडायचं असेल तर आमच्यासमोर रड, आम्हालाही तिच्यासाठी रडायचंय, ते एकट्याने नीट होत नाही. बेल वाजली की दार तेवढं उघड.

तुझीच,
शैलजा