दुकानाच्या फ्रीजमधले कंद

प्रिय मोठ्याबाई,

आज सकाळी कोल्ड्रिंकची गाडी आली. ऊन तापायला लागलंय, हायवेवरच्या जिपा आता दुकानापुढे थांबतात, म्हणून क्रेट उतरवून घेतले. काचेच्या फ्रीजचे वरचे कप्पे भरले आणि खालच्या कप्प्यापाशी हात थांबला. हिवाळाभर तो तुमचा असायचा. तुम्ही गेल्यापासून मी कुणापाशी तुमचं काही बोललेच नाही. फारशी रडलेही नाही. तेरवीला पुऱ्या लाटल्या, एवढं आठवतं. आज गिऱ्हाईक कमी आहे, म्हणून लिहायला बसले.

तुमचा भाऊ फौजेत. तिकडे पहाडात असताना त्यानं नर्सरीतून तुम्हाला ऑर्किडचे कंद पाठवले. थंड डोंगरातलं फूल, आणि ते आपल्या शेलूबाजारात लावायचं! सगळे हसले. मीही हसले. तुम्ही मात्र मोरीमागच्या सावलीत कुंड्या मांडल्या, उन्हाळाभर गोणपाट ओलं करून वर टांगलं. काही कंद जळाले, काही तगले. दिवाळीनंतर पानं गळून पडली तेव्हा मला वाटलं, संपलं. तुम्ही म्हणाल्या, मेले नाहीत, झोपले. पण त्या झोपेला खरी थंडी लागते, आणि आपल्याकडे पहाटे काकडलो तरी दुपारी घाम येतो. म्हणून ते फ्रीजमध्ये ठेवायचे.

पहिल्या वर्षी घरच्याच फ्रीजमध्ये ठेवलेत. तुमच्या मालकांनी, दादाजींनी, पाणी प्यायला फ्रीज उघडला आणि कंद उकिरड्यावर फेकले. "सडके कांदे होते," म्हणाले. दोन-चारच हाती लागले तुमच्या. भांडला नाहीत. ते कंद पदराला पुसत थेट माझ्या दुकानात आलात.

"शोभे, हिवाळ्यात तुया फ्रीजमंदी काय रायते वो?"

"काई नाई. थंडीत कोन पेते थंडं?"

"मंग खालचा कप्पा मले दे."

दिला. तेव्हापासून दर हिवाळ्यात कागदात गुंडाळलेला तुमचा डबा तिथे. वाटणीनंतर आपल्या दोघी जावांच्या घरांत जाणं-येणं तसं बेताचंच होतं. पण डब्याच्या निमित्तानं तुम्ही यायच्या, स्टुलावर बसून चहा प्यायच्या. आपण काय बोलायचो? काहीच नाही विशेष. मला ते बरं वाटायचं.

आणि ही शेवटची दिवाळी! डबा घेऊन आलात आणि मास्तरणीसारख्या शिकवायलाच बसलात. मुळं किती छाटायची, ओल का राहू द्यायची नाही. "याच्याजवळ केळं, सफरचंद ठेवू नोको, फळाच्या वाफेनं कोंब बिघडते. फेब्रुवारीत काढजो. अर्धा कंद मातीवर राहू देजो. मुळ्या धरेपर्यंत पानी नोको." मी गिऱ्हाईकाला सुटे देत होते. मनात म्हटलं, हे मला कशाला? काढायला तुम्ही येणारच आहात ना?

तुम्हाला माहीत होतं, नाही का? दिवस थोडेच उरलेत, हे अकोल्याच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं. तुमच्या लेकाला माहीत होतं, दादाजींना माहीत होतं. मला तेरवीला कळलं, तेही पंगतीत वाढताना, कुणीतरी सहज बोललं म्हणून. कंदांचं सगळं सांगितलंत आणि स्वतःचं एक अक्षर नाही. काहून, बाई? मी काय केलं असतं? जेवणाचा डबा घेऊन दवाखान्यात आले असते, एवढंच. पण आले असते.

जानेवारीत दुकानाचा फ्रीज बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेसर गेला, पार्ट वाशिमहून यायला वेळ लागेल. डबा उघडला तर खालचे काही कंद मऊ पडलेले, वास यायला लागलेला. ते काढून टाकले. उरलेल्यांना थंडी कुठून द्यायची? माझ्या घरच्या फ्रीजमध्ये पोरांची उघडझाप, त्यात संत्री भरलेली. शेजारणीला विचारलं, ती म्हणाली, "मेलेल्या मानसाचं नोको वो माह्या घरात." तिचाही राग आला नाही मला. डबा काखेत धरून रस्त्यातच उभी राहिले.

मग तुमच्या घरी गेले. तुम्हाला ठाऊक आहे, लग्न होऊन आल्यापासून मी भासऱ्यांशी, थोरल्या दिरांशी, समोरासमोर बोलले नव्हते. जे काही असेल ते तुमच्या मार्फत. आता मध्ये कोणी नव्हतं. दादाजी ओसरीवर बसले होते. मी पदर डोक्यावर घेतला आणि डबा पुढे केला.

"बाईचे कंद हायेत. तुमच्या फ्रीजमंदी ठेवा लागते."

"फ्रीज बंद हाये," ते म्हणाले. "मले एकट्याले कायले पायजे? जेवन तर तुयाच घरून येते."

"चालू करा लागन."

त्यांनी डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. मला वाटलं, आता नाही म्हणतील. मग उठले, बटण दाबलं. आत वाळलेल्या मिरच्यांची एक पिशवी होती, तुमची. ती त्यांनी बाहेर काढून फडताळात ठेवली, फेकली नाही. फडक्यानं कप्पा पुसला. "पान्याची बाटली आता बाहेर ठेवतो," म्हणाले. "सारखं उघडनं नोको."

त्यानंतर रोज जेवणाचा डबा पोचवायला गेले की ते स्वतःहून सांगायचे. आज लाइट गेली होती, पण दार उघडलं नाही. आज कागद ओलसर वाटला, बदलला. बस, एवढंच बोलणं. तुमच्याबद्दल त्यांनी काही काढलं नाही, मीही नाही.

फेब्रुवारीत आम्ही दोघांनी कंद लावले. मी सांगत होते, ते माती भरत होते. त्यांना जवळचं धूसर दिसतं आता. एक कंद उलटा लावला, मी गुपचूप सरळ केला. उरले होतेच थोडे. त्यातले काही तसेच सुकून गेले. एकाला कोंब आला, पण पानाचा नाही, कळीचा. या फुलाला पान नंतर येतं, हे तुम्ही सांगायचं विसरला होतात. मी आजवर फुललेलीच कुंडी पाहिलेली, घाबरलेच होते!

परवा जेवणाचा डबा घेऊन गेले तर ओसरीवर कोणी नाही. मोरीमागे पाहिलं. दादाजी पाटावर बसले होते, कुंडीसमोर. गुलाबी फूल, आत झालरीसारखं काहीतरी. मला वाटलं, त्यांना मी आल्याचं कळलं नाही. मग न वळताच म्हणाले, "असं रायते काय हे?"

मी म्हटलं, "दरसाल तर येत होतं, दादाजी. तुमी पाह्यलं नाई?"

"नाई," ते म्हणाले. "तुयी बाई मले बलवे. पाहा म्हने येऊन. मी म्हनो, येतो. इतल्या जवळ होतं, अन् मी कदी मांगं आलोच नाई."

मी डबा तिथेच ठेवला आणि दुकानात परत आले. तुम्हाला कळवावं असं वाटलं, म्हणून कळवते. त्यांनी पाहिलं, बाई. उशिरा, पण पोटभर पाहिलं.

आता पान निघालंय. मे महिन्यात दादाजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकाकडे पुण्याला जाणार आहेत. जायची तारीख दोनदा पुढे ढकलली, कुंडीचं काय म्हणून. मी त्यांना सांगितलं, निवांत जा. तुम्हालाही सांगते. ते परत येईपर्यंत सकाळ-संध्याकाळ गोणपाट मी ओलं करीन. दुकानात कितीही गर्दी असो, शटर अर्धं ओढून येईन. हा माझा शब्द.

तुमची धाकटी जाऊ,
शोभा