आईचा चौक

४ ऑक्टोबर, शनिवार
पहिलं म्युझियम झालं. नाही!

सकाळी साडेसहाला व्हिडिओ कॉल लावून गच्चीवर बसले होते. तिकडे जपानात तेव्हा दहा वाजतात, दारं उघडतात. एमिको म्युझियमच्या दारातच म्हणाली, "मोहिनीताई, आत फोन बंद. फोटो नाही. पेनसुद्धा नाही, फक्त पेन्सिल." म्हणजे मी बघायचं काय? कपाळ! सव्वा तास वाट बघत बसले. मग ती बाहेर येऊन पायरीवर बसली आणि एकेक सांगू लागली — सोनेरी पडदे, बगळे, लाटा, बर्फातला पूल. वहीत काढून आणलेले बगळे दाखवले. बिचारी मनापासून करते. पण मला बगळ्यांशी काय करायचंय? मला आईचा चौक हवाय.

एमिको चार वर्षं आमच्याच बिल्डिंगमध्ये होती. नवरा अंबडला कंपनीत. भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं मराठी मीच शिकवलं तिला. आता ती तिच्या गावाकडे पाहुण्यांना म्युझियमं दाखवते. तिच्याशिवाय तिकडे माझं कोण आहे?

७ ऑक्टोबर
आईचं आज पुन्हा तेच. "पुसला का?"

लिहून काढते एकदा, म्हणजे डोकं जरा हलकं होईल. १९९४ साली आई जपानला गेली होती. पेठकडच्या आमच्या पाड्यावरून थेट विमानात! डोंगरातल्या एका लहानशा म्युझियमने चित्रं काढायला बोलावलं होतं, तीन महिने. मी सात वर्षांची, भाऊ हिरामण पाचचा. तिथे तिने लग्नाचा चौक काढला, लग्नघराच्या भिंतीवर काढतात तोच, पण कापडावर, मधोमध पालघट देवी. आमच्यात हा चौक सवाशिणीनेच काढायचा. नवरा गेलेल्या बाईने त्याला बोट लावायचं नाही. आणि इकडे ऐन पोळ्याच्या दिवशी बाबा तापाने गेले. तार तिच्या हातात पडली आठ दिवसांनी. "तवा पीठ बोटांना तसंच व्हतं," म्हणते. तांदळाचं पीठ. म्हणजे कपाळ पांढरं झालेलं असताना आपण देवी काढली, हे तिच्या मनात जे बसलं ते बसलंच.

त्यानंतर तिने एक रेघ ओढली नाही. एकतीस वर्षं! माझा संसार मोडला तोही तिने त्या चौकाच्या माथी मारला. मी म्हटलं, अगं तो दारू प्यायचा, त्यात देवीचा काय संबंध? ऐकेल तर शपथ.

"त्यो पुसल्याबिगर मला जायाचं नाय." डॉक्टर म्हणतात, दिवाळी निघाली तर नशीब.

११ ऑक्टोबर, शनिवार
दुसरं म्युझियम. नाही.

मूळचं डोंगरातलं म्युझियम कधीच बंद पडलंय, चित्रं इकडेतिकडे वाटली गेली. एमिकोने चार ठिकाणांची यादी मिळवलीय. आज तिने वहीत एक वाटी काढून आणली — फुटलेली, सोन्याने सांधलेली. लोक डोळ्यांत पाणी आणून बघतात म्हणे. मला नुसता राग आला. आमच्याकडे माणूस मोडून पडलंय आणि हे लोक वाट्या सांधतायत! एमिकोला काही बोलले नाही. तिची काय चूक.

१२ ऑक्टोबर
हिरामण आला होता, सुट्टी होती त्याची. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाला, "येडी का तू? म्युझियमवाले पुसतील व्हय? सांगून टाक तिला, पुसला म्हणून." मी भांडले. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलायचं? तर म्हणतो, "मंग जिवंत माणसाशी खोटं बोलायचं का?" ताट न संपवताच गेला.

खरं तर तो बरोबर आहे. म्हणूनच राग आला.

१८ ऑक्टोबर, शनिवार
तिसरं बंद. दारावर पाटी. एमिको तीन तास रेल्वेने गेली होती.

२२ ऑक्टोबर
दिवाळी निघाली. आईने करंजीचा तुकडा तोंडात धरला आणि काढून ठेवला.

२५ ऑक्टोबर, शनिवार
सापडला!!

आणि काही उपयोग नाही.

चौथ्या म्युझियममध्ये, तळघरात, सपाट खणात, मऊ कागदाखाली. एमिकोने पेन्सिलीने काढून दाखवला — चौकट, झाडं, घोडा, मधे देवी. देवी बघताच ओळखली. आईचीच. मी म्हटलं, पुसाल का विचार. ती आत जाऊन विचारून आली. तिथले साहेब दोनदा वाकले आणि नाही म्हणाले. ते स्वतःसुद्धा पांढरे हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. पुसायचं कसलं?

एमिको रडत होती. "मोहिनीताई, माफ करा. मीच चांगलं विचारलं नाही." कितीही चांगलं विचारलं असतंस तरी काय होणार होतं, बाई!

२७ ऑक्टोबर
बोलले खोटं.

"पुसला, आई."
"समदा?"
"समदा."
"देवी बी?"
"देवी बी."

मोठा श्वास सोडला तिने. आज गोळी न घेता झोपली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि हमसून हमसून रडले. शाळेत पोरांना खोटं बोलू नका म्हणून अंगठे धरायला लावते मी.

१ नोव्हेंबर, शनिवार
आज काही काम नव्हतं, तरी साडेसहाला एमिकोचा फोन. परत गेली होती ती, आपणहून! साहेबांनी चित्र उलटं करून दाखवलं. तिथे जे चित्र पूर्ण होई, त्याच्या मागे कोणीतरी त्याच दिवशी तारीख टाकून ठेवायचं. चौकाच्या मागे : २८ ऑगस्ट १९९४.

आईचं आणखी एक चित्र त्याच खणात आहे. तारपा नाच. अर्धाच. त्याच्यामागे लिहिलंय, १३ सप्टेंबर, काम थांबलं.

लगेच मोबाइलवर त्या वर्षीचा पोळा शोधला. ५ सप्टेंबर.

चौक झाला तेव्हा बाबा जिवंत होते! चांगले आठवडाभर जिवंत होते. तार आली तेव्हा बोटांना होतं ते पीठ नाचाचं. आईला ना तारीख वाचता येत होती ना तिथे पोळा कधी ते कळत होतं. कोणी सांगितलंच नाही तिला. आणि एकतीस वर्षांत आम्ही कोणी विचारलंही नाही. मीही नाही!

२ नोव्हेंबर
सांगितलं. तारखा दोनदा वाचल्या. वाटलं, आईला समजलंच नाही. मग म्हणाली, "मंग माझा चौक पुसला कशाला गं तुम्ही?"

खरं सांगायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. तिला वाटलं, पुसल्याचं वाईट वाटतंय मला. डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको. लगीन उरकलं का चौक सारवून टाकत्यातच."

अजून सांगितलेलं नाही.